भजनी मंडळाची पेटी निवडताना

आंधळगावात कोसा रेशमाच्या मागांचा खटखटाट थांबला, की भजन बसतं. तिथं मी पेटी वाजवतो, म्हणून नवी पेटी घेणारी मंडळं मला विचारायला येतात. माझा पहिला प्रश्न एकच: गाणार कोण आणि कुठं?

देवळातल्या भजनाला साडेतीन सप्तकांची, खर्ज आणि नर अशा दोन सुरांची पेटी घ्या. टाळ-मृदंगाच्या गजरात गळ्याला खर्जाचा आधार हवाच. दंडारीच्या खेळासोबत गावोगाव फिरायचं असेल, तर मिटणारी सूटकेस पेटी बरी. आवाज थोडा लहान, पण ओझं कमी. पुरुष काळी एकमध्ये आणि बाया काळी चारमध्ये गातात, तिथं स्केल चेंजरची सोय होते. पण त्यानं वजन, किंमत आणि दुरुस्ती वाढते. त्यापेक्षा सगळ्या पट्ट्यांत हात बसवावा, असं मला मनापासून वाटतं.

हे वाद्य युरोपात पायानं चालायचं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५च्या सुमारास त्याला हाताचा भाता दिला, म्हणून ते मांडी घालून बसून गायच्या आपल्या गाण्यात शिरलं.

दुकानात पट्टी न दाबता भाता दाबून बघा. तो सहज बसला, तर हवा गळते. मग एकेक पट्टी दाबून शांतपणे ऐका. पॉलिश सर्वांत शेवटी बघा.