पायी फिरा, दगड वाचा: माहूरच्या रानापासून जुन्या किल्लारीपर्यंत

शाळेला सुटी लागली की आपल्या घरांतून सहलीचा विषय निघतो. कुणी हैदराबाद म्हणतो, कुणी खुल्दाबाद, ज्याला झेपते तो अजमेर किंवा महाबळेश्वर. नांदेड आणि लातूर या आपल्याच दोन जिल्ह्यांत दिवसभर पायी फिरावे, असे फार थोड्यांच्या मनात येते. आम्ही शाळेतली चार-पाच शिक्षकमंडळी घरच्यांना घेऊन गेली काही वर्षे असे फिरतो. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि घरून नेलेल्या डब्याचा. बघायला मिळते ते मात्र पाठ्यपुस्तकात मावणारे नाही.

जमिनीवर फिरा आणि आपल्या आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआनमध्ये पुन्हा पुन्हा सांगितले आहे. कंधारचे हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. सय्याह म्हणजे प्रवासी, फिरस्ता. ज्या मुलखात एका बुजुर्गाच्या नावातच प्रवास आहे, तिथल्या मुलांनी आपला मुलूख पायी पाहिलेला नसावा, हे बरे नव्हे.

आपल्या पायाखाली काय आहे

निघण्यापूर्वी मुलांना एक गोष्ट सांगून ठेवावी. आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरावर थर पसरत गेला. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो आणि टणक मागे राहतो. म्हणून बालाघाटचे डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगाला पायऱ्या पडल्यासारखे दिसतात.

हा काळा दगड नांदेड जिल्ह्यातच संपत जातो. देगलूर-बिलोलीकडे गेलात की वावरांतून गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे दिसू लागतात. तो दगड लाव्ह्याच्याही कितीतरी आधीचा. पुढे किल्लारीला पोचू तेव्हा हाच जुना दगड पुन्हा आठवावा लागेल.

माहूरचे रान

झाडी पाहायची असेल तर किनवट-माहूरला जावे. नांदेडहून माहूर सुमारे 130 किलोमीटर, तेव्हा पहाटेच निघावे लागते. साग, पळस, मोह यांचे हे जंगल. पैनगंगा इथे डोंगराला वळसा घालत जाते. रामगडाचा तट धरून चालत गेले की बुरूज, दरवाजे, आतले तळे आणि गवतात बुडालेली जोती दिसतात. एके काळी इथे शिबंदी राहत होती, चुली पेटत होत्या. डोंगरावर रेणुकामातेचे आणि दत्ताचे स्थान आहे, सोनापीर बाबांचा दर्गा आहे. वझऱ्याला शेख फरीद यांच्या नावाचा धबधबा भर जंगलात आहे. यात्रेकरू एकमेकांना वाट सांगतात, पाणी देतात. मुलांनी हेही पाहावे.

इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा त्याच पैनगंगेवर. तिथला खडक लोखंड ओतल्यासारखा काळा आणि गुळगुळीत आहे. पावसाळ्यात या खडकावर पाय टिकत नाही, म्हणून मुलांना काठापासून लांबच ठेवावे.

खरोसा आणि औसा

लातूरहून एका दिवसात होणारी आमची आवडती फेरी म्हणजे खरोसा, औसा आणि जुने किल्लारी. खरोशाची लेणी लातूरपासून सुमारे 45 किलोमीटरवर, औसा तालुक्यात आहेत. सहाव्या शतकाच्या सुमारास ती कोरली गेली असे मानतात. इथला दगड काळा नाही, जांभा आहे: लालसर, भोकाभोकांचा. बारीक नक्षी त्यावर टिकत नाही, पण खोदायला सोपा. कारागिरांनी भिंत रचलीच नाही. डोंगराच्या आत शिरून जागा तेवढी मोकळी केली. सांधाच नाही, तर निखळणार काय?

औशाचा किल्ला याच्या उलट. तो सपाटीवर, किंबहुना खोलगट जागेत बांधलेला. इथे घडीव दगड चुन्यात बसवले आहेत. तटाजवळ उभे राहून पाहा: एक दगड लांबीने बसवला आहे, तर दुसरा आत घुसवला आहे. मुलांना हात लावून पाहू द्या. दगड दगडाला कसा धरतो, ही गोष्ट इथे नीट समजून घ्यावी. तिचे मोल पुढच्या गावात कळते.

जुने किल्लारी

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. फजरच्या अजानला अजून अवकाश होता. 6.2 तीव्रतेचा धक्का बसला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतली कितीतरी गावे काही सेकंदांत खाली आली. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहे. किल्लारी, मंगरूळ, तळणी, सास्तूर, होळी, राजेगाव ही नावे त्या दिवसापासून साऱ्या देशाला कळली.

पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. कुटुंबाकडे शेती किती, यावरून 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरे मिळाली. रस्ते रुंद झाले, घरे रांगेत आली. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून असलेला शेजार मात्र विखुरला, हे तिथली म्हातारी माणसे आजही सांगतात.

जुनी गावठाणे मागे राहिली. वेड्या बाभळीतून पायवाट जाते. कुठे जोते, कुठे दाराची दगडी चौकट, कुठे अर्धी भिंत. किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे आणि दर वर्षी 30 सप्टेंबरला तिथे श्रद्धांजली वाहिली जाते. इथे आवाज आपोआप खाली येतो. आम्ही मुलांना सांगून ठेवतो: जोत्यावर चढून फोटो काढायचे नाहीत, हे कुणाचे तरी घर आहे. कब्रस्तानाशी थांबून फातिहा पढायचा आणि पुढे जायचे.

एका फेरीत आमच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे मिस्त्री बरोबर होते. अर्ध्या पडलेल्या भिंतीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मग मुलांना जवळ बोलावून म्हणाले, "एक दीवार नक्को समझो बेटा, दो हैं. बीच में मिट्टी भरे सो."

त्या भिंतीची सारी गोष्ट या एका वाक्यात आहे. भिंती दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहूनही जाड. पण बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती व दगडगोट्यांची भरती. गोलसर दगड मातीत बसवलेले. दोन्ही अंगांना जोडणारा, आरपार गेलेला लांब दगड नाही. जमीन हलली तशी दोन्ही अंगे फुगून सुटली.

त्यावर माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला छतावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे आणि जुना तसाच राही. आम्ही तिथेच मुलांना हिशेब घातला. खोली 10 बाय 12 फूट, मातीचा थर एक फूट, म्हणजे 120 घनफूट. घनफुटाला 45 किलो धरले तरी 5,400 किलो. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर सुमारे साडेपाच टन. पुष्कळ घरांत थर याहून जाड होता. दहावीतली एक मुलगी वहीत आकडा लिहून गप्प बसली.

आता तो जुना दगड आठवा. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत खोल विंधन घेतले, तेव्हा सुमारे 340 मीटर काळ्या दगडाखाली ग्रॅनाइटच्या कुळातला प्राचीन खडक लागला. हा सारा प्रदेश स्थिर मानला जात होता, नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1992 सालीच बारीक हादरे सुरू झाले होते, तरी एवढ्या मोठ्या धक्क्याची कुणाला कल्पना नव्हती. 2002 च्या सुधारित मानकात किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्यात, घेतला गेला.

इबरत कशाची घ्यावी

ओसाड गाव पाहिले की काही लोक चटकन बोलून जातात, 'त्यांच्या कर्माची शिक्षा.' मुलांसमोर असे बोलू नये. भिंत-छत कोसळून दबून मरण पावलेल्या मोमिनाला हदीसमध्ये शहीदाचा दर्जा सांगितला आहे. त्या पहाटे दूध पिती बाळे गेली, सर्व जातींची आणि धर्मांची माणसे गेली. त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? इबरत घ्यायची ती स्वतःसाठी. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, हीच आपल्या नबींची शिकवण आहे. भिंत नीट बांधणे हे उंट बांधण्यासारखेच आहे.

आणि इथे गोष्ट आपल्या घरात येते. नांदेडच्या जुन्या वस्तीत, उदगीर, औसा, कंधारच्या मोहल्ल्यांत मातीतल्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. कुटुंब वाढले, मुलाचे लग्न ठरले, की त्याच भिंतीवर आणखी एक खोली चढते. लग्नाच्या मंडपाला पैसा निघतो. सिमेंट-लोखंडाच्या पट्ट्याला, गवंडी ज्याला बेल्ट म्हणतात त्याला, निघत नाही.

भूकंपानंतर तज्ज्ञांनी सुचवलेले उपाय साधे आहेत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवावा, किंवा भोक पाडून तिथे लोखंडी सळई घालून काँक्रीट भरावे. छताखाली चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा द्यावा. माळवदावरची जादा माती उतरवून गळती थांबवण्याचा दुसरा हलका उपाय करावा. लाकडी खांब आणि तुळई जिथे मिळतात, तिथे तिरपे टेकू द्यावेत. जुन्या भिंतीवर मजला चढवण्याआधी जाणकार अभियंत्याला दाखवावे. हे लहान-मोठ्या कुटुंबाला टप्प्याटप्प्याने करता येण्यासारखे आहे.

जाणार असाल तर

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात ही फेरी करू नये. माणशी दोन लिटर पाणी, टोपी किंवा ओढणी आणि पायांत बूट हवेत. गावठाणात जुने आड झुडपांनी झाकलेले असतात, साप असतात, भिंती सैल असतात. म्हणून मळलेली वाट सोडू नये आणि भिंतीला टेकू नये. जंगलात वनखात्याच्या नियमाने चालावे, अंधाराआधी बाहेर पडावे. जुहरच्या नमाजसाठी एखादे स्वच्छ शेत पुरते. मालकाला विचारावे, तो बहुधा सावलीही दाखवतो. मुलींना घरी ठेवून जाऊ नका. उद्या घर त्याच चालवणार आहेत, भिंतीची भाषा त्यांनाही कळली पाहिजे.

परत आलात की आणखी एक फेरी बाकी राहते, ती आपल्याच घराभोवतीची. मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या. भिंत बाहेरून फुगली आहे का, कोपऱ्यात उभी चीर आहे का, छतावर मातीचे किती थर आहेत, ते पाहा आणि वहीत लिहा. दिसले ते पुढच्या जुम्याला नमाजनंतर मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला दाखवा.