एलव्हॅड, दाबाचे आकडे आणि आपण काढतो ते निष्कर्ष

हार्ट फेल्युअरवरचे पेपर वाचायला घेतले की पहिल्याच टेबलात दाबांच्या आकड्यांची रांग दिसते. बरेच जण ती ओलांडून थेट निष्कर्षाकडे जातात. एलव्हॅडच्या बाबतीत तरी तसं करू नका.

आधी यंत्र समजून घेऊ. एलव्हॅड हा हृदयाच्या डाव्या निलयाला जोडलेला यांत्रिक पंप. तो तिथलं रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रीमॅच’ चाचणीत १२९ रुग्ण होते. वर्षभरानंतर पंपाच्या गटातले ५२ टक्के, तर नुसत्या औषधांच्या गटातले २५ टक्के जिवंत होते. म्हणजे फायदा मोठा.

पण हा पंप मदत करतो फक्त डाव्या बाजूला. त्याने पुढे पाठवलेलं सगळं रक्त शरीरात फिरून उजवीकडे परत येतं. उजव्या निलयाला ते झेपलं नाही, तर फुप्फुसांतून डावीकडे रक्तच कमी पोचतं. मग पंप कितीही चांगला असो, ढकलणार काय?

म्हणून दाब मोजायचे. त्यासाठी १९७० पासून स्वान-गँझ कॅथेटर वापरतात. शिरेतून आत सरकवलेली ही नळी टोकाच्या फुग्यामुळे प्रवाहाबरोबर फुप्फुस धमनीत जाते. वाटेत उजव्या अलिंदातला दाब मिळतो, पुढे फुप्फुस धमनीतला, आणि शेवटी ‘वेज’ म्हणजे डाव्या अलिंदातल्या दाबाचा अंदाज.

आता दोन काल्पनिक रुग्ण घेऊ. दोघांचंही ऑपरेशन व्हायचंय आणि दोघांचा वेज २४ आहे (सगळे आकडे मिमी पारा). ‘अ’चा फुप्फुस धमनीतला दाब ५०/२६, उजव्या अलिंदातला ८. ‘ब’चे हेच आकडे ४२/२६ आणि १६. फुप्फुस धमनीच्या वरच्या आणि खालच्या दाबातल्या फरकाला उजव्या अलिंदाच्या दाबाने भागलं की ‘पापी’ हा निर्देशांक मिळतो (नाव विचित्र आहे खरं!). ‘अ’चा २४ भागिले ८, म्हणजे ३. ‘ब’चा १६ भागिले १६, म्हणजे १. डावीकडचा आकडा तोच, पण ‘ब’चं उजवं हृदय आधीच थकलंय. पंप बसवल्यावर उजवी बाजू कोलमडण्याचा धोका त्याला जास्त.

पंप बसल्यावरही मोजमाप संपत नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ३५ एलव्हॅड रुग्णांचा अभ्यास मांडला. पंपाच्या ठरलेल्या वेगावर उजवीकडचा दाब आणि वेज, दोन्ही ठीक असलेले रुग्ण जेमतेम ४३ टक्के निघाले. वेग बदलून काहींचे दाब सुधारता आले.

इथे आपलं काम सुरू होतं. समजा एखादा पेपर म्हणतो, ‘तीन महिन्यांनी ज्यांचे दाब चांगले, ते जास्त जगले.’ तर तीन प्रश्न विचारा. एक: तीन महिन्यांच्या आत दगावलेले रुग्ण या हिशोबात आहेत का? दोन: कॅथेटर सगळ्यांना घातला, की फक्त तब्येत बिघडलेल्यांना? तीन: ‘चांगल्या’ दाबाची सीमारेषा आधी ठरवली होती, की त्याच डेटातून काढली?

तिन्ही उत्तरं समाधानकारक असली, तरी एक प्रश्न उरतो. दाब सुधारल्यामुळे रुग्ण जगला, की मुळात कमी आजारी होता म्हणून त्याचे दाबही चांगले होते? २००५ मधली ‘एस्केप’ चाचणी इथे आठवावी. त्यातले रुग्ण एलव्हॅडचे नव्हते, तीव्र हार्ट फेल्युअरचे ४३३ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटात कॅथेटरचे आकडे बघून उपचार झाले, दुसऱ्यात त्याविना. पुढच्या सहा महिन्यांत जिवंत आणि रुग्णालयाबाहेर काढलेले दिवस दोन्ही गटांत जवळपास सारखेच भरले.

याचा अर्थ मोजमाप निरुपयोगी असा नाही. धोका ओळखणारा आकडा आणि जो बदलला की रुग्ण वाचतो तो आकडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी निरीक्षण पुरतं. दुसरीसाठी चाचणीच लागते. तुमचा प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानावरच ठरवा, आपला प्रश्न यातला कोणता.