टायमर व अंगणांतील दिवे यांचें भांडण

तिन्हीसांजेस दारांत दिवा लागावा ही आपल्या घरांतील जुनी रीत. पूर्वीं तें काम घरांतील एखाद्या सुनेकडे किंवा मुलीकडे असे. हल्लीं पुष्कळ घरीं तें टायमरकडे सोंपविलेलें आढळतें. मंडळी कामधंद्यावरून उशिरां परततात, आजीबाईंचे गुडघे दुखतात, आणि मुंबईस नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जुलैच्या आरंभीं सव्वासातांनंतर मावळतो. तेव्हां ही सोय गैर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु हा नवा नोकर व अंगणांतील दिवे यांचें पुष्कळदां पटत नाहीं. मध्यरात्रीं विझावयास सांगितलेले दिवे पहांटेपर्यंत मिणमिणत राहतात. कांहीं दर दोनचार सेकंदांनीं लुकलुकतात. एखाद्या घरीं ते मुळीं विझतच नाहींत. आणि कोठें कोठें दिवे विझतांक्षणीं टायमरच आपली वेळ विसरतो. घरचीं माणसें दिवा वाईट म्हणून दुसरा आणतात, तोहि तसाच वागतो, आणि 'आजकालचा मालच असा' असें म्हणून प्रकरण मिटतें. तें तसें मिटवूं नये. यांतील एका दोषांत जिवाला धोका आहे, आणि तो दोष व निरुपद्रवी दोष बाहेरून अगदीं सारखे दिसतात.

पूर्वींचा साठ वॉटचा बल्ब सुमारें पाव अँपिअर वीज घेई. अँपिअरच्या हजाराव्या हिश्शाइतकी गळती त्याच्या तारेस लालीहि आणीत नसे. एलईडी दिव्याचें तसें नाहीं. त्याच्या पोटांत वीज सांठविणारें एक लहानसें कपॅसिटर असतें. थेंबें थेंबें तळें सांचे, या न्यायानें तें गळतीची वीज सांठवितें. सांठा पुरेसा झाला कीं दिवा क्षणभर चमकतो व पुन्हा सांठवण सुरू होते. २०१५ सालीं 'उजाला' योजना निघाली तेव्हांपासून हे दिवे घरोघरीं गेले. भिंतींतील तारा व त्यांवरील टायमर मात्र कित्येक ठिकाणीं बल्बच्या काळांतलेच राहिले.

आतां ही गळती येते कोठून? येथें आपल्या शास्त्रकारांचा अन्वयव्यतिरेक उपयोगीं पडतो. एक असतां दुसरें असावें, एक नसतां दुसरें नसावें, तर त्यांचा संबंध समजावा. एकेक गोष्ट काढून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलूं नयेत.

पहिला संशयित टायमर स्वतःच. ज्या टायमरला दोनच तारा जोडलेल्या असतात, त्याला न्यूट्रलची तार मिळालेली नसते. त्याचें घड्याळ चालावयास लागणारी वीज तो दिव्यांतूनच ओढून घेतो. न्यूट्रल जोडतां येणारा टायमर बसविला कीं ही तक्रार जाते. दुसरा संशयित म्हणजे लांबच लांब तार. फाटकापर्यंतच्या एकाच नळींतून सदा चालू असलेली तार व टायमरची तार शेजारीशेजारी गेल्या, तर एकमेकींस न शिवतांहि एकीची वीज दुसरींत उतरते. तीस मीटरांच्या अंतरांत ती मिलिअँपिअरच्या पांचव्या हिश्शाइतकी भरते. दिवा मिणमिणावयास एवढी बस्स होते. हे दोन्ही दोष त्रासदायक खरे, पण घातक नव्हेत.

तिसऱ्याची गोष्ट निराळी. वायरमनच्या घाईनें टायमर फेजऐवजीं न्यूट्रलच्या तारेंत बसविला जातो. दिवे वेळेवर लागतात, वेळेवर विझतात. कोणास कांहीं संशय येत नाहीं. परंतु टायमर बंद असतांहि होल्डरपर्यंत २३० व्होल्टची फेज उभीच असते. तिची परतीची वाट तेवढी तुटलेली असते. ती वाट ओल्या भिंतीनें अगर माणसाच्या देहानें पुरी झाली कीं अनर्थ. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत आवारभिंतीवरील चार दिवे असेच मिणमिणत असत. तीन वेळां दिवे बदलले. दिवाळीच्या साफसफाईंत धाकटी सून ओल्या फडक्यानें होल्डर पुसावयास गेली. टायमर बंद होता, म्हणून मेन स्विच बंद करण्याचें कोणास सुचलें नाहीं. हाताला झटका बसला. बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी होता; त्यानें तत्काळ वीज तोडली, म्हणून हकीगत एवढ्यावरच थांबली.

म्हणून तपासाचा क्रम असा ठेवावा कीं न्यूट्रलची शंका प्रथम फेडावी. नुसत्या टेस्टरवर विसंबूं नये; त्यांतील निऑनचा दिवा गळतीच्या विजेनेंहि पेटतो. वायरमनकडून मेन स्विच बंद करवून टायमर उघडवावा, आणि त्यांतून कोणती तार तुटते तें डोळ्यांनीं पाहावें. चारांतील एका दिव्याच्या जागीं जुना तारेचा बल्ब लावला तर मिणमिण थांबते, ही युक्ति पुष्कळांस ठाऊक आहे. पण न्यूट्रलचा दोष असतांहि ती थांबते! लक्षण जातें, रोग तसाच राहतो. यासाठीं हा उपाय आधीं करूं नये.

जे दिवे विझतच नाहींत, त्यांचें कारण याच्या उलट आहे. एलईडी दिवे लागतांना त्यांचीं कपॅसिटरें एकदम भरतात, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता नेहमींच्या कित्येक पट प्रवाह धांवतो. त्यानें टायमरच्या आंतील संपर्क वितळून चिकटतात. टायमरवर मोठ्या अक्षरांत १६ अँपिअर छापलेलें असतें तें विजेच्या शेगडीसारख्या भारास लागू. एलईडीसाठीं वेगळा, पुष्कळच कमी आंकडा बारीक अक्षरांत दिलेला असतो, तो चष्मा लावून वाचावा. दिवे अनेक असतील तर मधें कॉन्टॅक्टर घालतात. मात्र कॉन्टॅक्टरची गुंडाळी बंद होतांना विजेचा झटका मागें फेंकते, आणि टायमर वेळ विसरतो तो यानें. त्यावर उपाय म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचें कपॅसिटर व १०० ओहमचा रोधक यांची जोडी लावतात. ती गुंडाळीवर लावावी. उलगडा न होतां ती दिव्यांकडे जाणाऱ्या संपर्कांवर लावली, तर तिच्यांतूनच सुमारें सात मिलिअँपिअर वाहूं लागतात, आणि दिवे पुन्हा मिणमिणतात!

पावसाळ्यांत आणखी एक भानगड होते. टायमर सायंकाळीं दिवे लावतो आणि त्याच क्षणीं आरसीसीबी पडून सारें घर अंधारांत जातें. एखाद्या दिव्यांत पाणी शिरलेलें असतें. एकेक दिवा सोडवून पाहिला म्हणजे तो सांपडतो. 'हा आरसीसीबीच काढून टाकूं, मग कटकट नको', असें कोणी सुचवील, तर त्याला चहा पाजून घरीं पाठवावें व दुसरा वायरमन बोलवावा.