शिडाच्या नौकेची ॲल्युमिनियमची डोलकाठी : खाऱ्या पाण्यामुळे होणारे क्षरण, पुनर्दुरुस्ती आणि संरक्षण

प्रस्तावना :

सोलापूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरात डोलकाठीचा विचार काहीसा अप्रस्तुत वाटण्याची शक्यता आहे. परंतु 'जर्मन'च्या पातेल्यात मिठाचे पाणी साचून राहिले की तळाला बारीक छिद्रे पडतात, हा आपल्या स्वयंपाकघरातील परिचित अनुभव आहे. समुद्रावर हीच प्रक्रिया जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकते.

शिडाच्या नौकानयनाची आधुनिक परंपरा आपल्या शेजारच्या गोव्यात रुजली आहे. दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तोच पराक्रम केला. तारिणीची डोलकाठी २५ मीटर उंच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी मोडली. पाठीला गंभीर दुखापत झालेल्या टॉमी यांची सुटका तीन दिवसांनी फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजाने केली. ती दुर्घटना वादळामुळे घडली, क्षरणामुळे नव्हे. तथापि क्षरणाने पोखरलेली डोलकाठी त्याहून पुष्कळ कमी वाऱ्यातही दगा देऊ शकते. म्हणून प्रस्तुत लेखात या क्षरणाची कारणे व उपाय मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

कारणमीमांसा :

ॲल्युमिनियमचा हवेशी संपर्क येताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. हा थरच धातूचे रक्षण करतो. समुद्राच्या प्रत्येक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील क्लोराइड आयन हा थर जागोजागी भेदतात व धातूत खड्डे पडतात.

तथापि उघड्या पृष्ठभागावरील खड्ड्यांपेक्षा अधिक धोका जोडांच्या ठिकाणी असतो. डोलकाठीचे स्क्रू, कप्प्या, ताणतारांच्या पट्ट्या इत्यादी भाग बहुधा स्टेनलेस स्टीलचे असतात. दोन भिन्न धातू परस्परांना चिकटून असतील आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी असेल, तर तेथे विद्युतघट तयार होतो. त्यात अधिक क्रियाशील असलेले ॲल्युमिनियम ॲनोड ठरते आणि झिजत जाते; स्टील मात्र सुरक्षित राहते. झिजेतून निर्माण होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते. त्यामुळे रंगाला फोड येतात आणि स्क्रू जागीच घट्ट अडकून बसतात. पावसाळ्यात डोलकाठी बाहेरून धुऊन निघते. पट्ट्यांखाली व तळाशी साचलेले खारे पाणी मात्र तसेच राहते.

पुनर्दुरुस्तीचे टप्पे :

१) डोलकाठी उतरवून गोड्या पाण्याने धुवावी व सर्व जोडभाग काढावेत. अडकलेल्या स्क्रूवर भेदक तेल सोडून माफक उष्णता द्यावी. बळजबरी केल्यास आटे तुटतात.

२) पट्ट्यांखालील भाग, आडव्या दांड्यांचे जोड व तळ यांची बारकाईने तपासणी करावी. सूक्ष्म भेगांसाठी रंगद्रव्याची चाचणी व भिंतीच्या जाडीसाठी ध्वनितरंगांचे मापन उपयुक्त ठरते. भार पेलणाऱ्या जागी भेग आढळल्यास तज्ज्ञाचा सल्ला अपरिहार्य आहे. अशी मिश्रधातू बहुधा उष्णतेच्या प्रक्रियेने कणखर केलेली असते आणि वेल्डिंगमुळे जोडालगतचा भाग पुन्हा मऊ पडतो.

३) पांढरी भुकटी पूर्णपणे काढावी. त्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. लोखंडाचे कण धातूत रुतून नव्या क्षरणाला आरंभ करतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा घासकागद योग्य ठरतो.

४) घासलेला पृष्ठभाग तेलकटपणा काढून शक्य तितक्या लवकर इपॉक्सी प्रायमरने झाकावा, कारण उशीर झाल्यास नव्या ऑक्साइडमुळे रंगाची पकड कमी होते. त्यावर पॉलियुरेथेन रंगाचे थर द्यावेत.

संरक्षणाचे उपाय :

जोडभाग परत बसवताना पट्टीखाली नायलॉन किंवा तत्सम प्लास्टिकची चकती घालावी आणि आट्यांना क्षरणरोधक लेप लावावा. विद्युतघट खंडित करणे हाच यामागील हेतू होय. तांबेयुक्त रंग व तांब्याचे भाग ॲल्युमिनियमच्या संपर्कात येऊ देऊ नयेत. तळाची निचरा-छिद्रे मोकळी ठेवावीत. नौकेच्या पाण्याखालील भागावर जस्ताचे तुकडे बसवून क्षरण रोखले जाते. हा उपाय डोलकाठीच्या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याला पाण्याचे सलग माध्यम लागते आणि हवेतील डोलकाठीवर ते नसते.

निष्कर्ष :

डोलकाठीचे आयुष्य रंगाच्या चकाकीवर नव्हे, तर जोडांच्या विलगीकरणावर अवलंबून असते. जोड न उघडता केलेली रंगरंगोटी दोष झाकते, दूर करत नाही. सफरीनंतर गोड्या पाण्याने धुणे आणि ठराविक काळाने काही जोड उघडून पाहणे, हे अल्पखर्चाचे उपाय आहेत. रसायनशास्त्राच्या वर्गात शिकविला जाणारा विद्युतघट प्रयोगशाळेच्या चंचुपात्रापुरता मर्यादित नसून समुद्रावरील माणसाच्या सुरक्षिततेशी त्याचा थेट संबंध आहे, हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.