जळत्या गाडीचा ब्रेक

बी. आर. चोप्रांची निर्मिती आणि रवी चोप्रांचं दिग्दर्शन असलेला ‘द बर्निंग ट्रेन’ १९८० साली आला. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, हेमामालिनी, परवीन बाबी, नीतू सिंग, डॅनी अशी नटांची फौज आणि पाण्यासारखा ओतलेला पैसा. दिल्लीहून मुंबईला निघालेल्या सुपर एक्सप्रेसचे ब्रेक खलनायक निकामी करतो, इंजिनात बॉम्ब ठेवतो, गाडी पेटते आणि काही केल्या थांबत नाही. तेव्हा तो फारसा चालला नाही. रायपूरच्या डब्ल्यूआरएस कॉलनीतल्या एका घरात मात्र तो टीव्हीवर लागला की सगळे गोळा होतात, आणि हसायला बसतात.

ही वसाहत रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपची. शहराला ती दसऱ्याच्या रावणदहनामुळे माहीत. त्या घरातले काका मूळचे नागपूरकडचे. ब्रेकच्या कामात त्यांची सगळी नोकरी गेली. मारामारी, गाणी, रडारड ते मुकाट्याने बघतात. ब्रेक निकामी झाल्याचं कळून पडद्यावरचे चेहरे पांढरे पडतात, तेव्हा काकांचे खांदे हलायला लागतात.

“अवं, पाइप तोडला तर गाडी जागीच उभी होऊन जाते ना! हा इंजिनात काय करून राहिला?” ते काकूंना विचारतात. काकूंना उत्तर पाठ आहे, तरी त्या विचारू देतात.

हे हसू समजायचं तर ब्रेक समजून घ्यावा लागतो. सायकलचा ब्रेक आपण दाबला की लागतो. रेल्वेत उलट आहे. व्हॅक्यूम ब्रेकच्या काळात इंजिन गाडीभर गेलेल्या नळीतली हवा सतत ओढून घेत राहायचं. इंजिनाशी ५३ आणि गार्डच्या डब्यात ४७ सेंटिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम दिसला की चाकं मोकळी. मग वाटेत कुठेही नळीला भोक पडो, दोन डब्यांमधला रबरी होज पाइप निसटो, नाहीतर कोणी साखळी ओढो. बाहेरची हवा आत घुसते, डब्याखालच्या सिलिंडरातला दट्ट्या वर उचलला जातो आणि ब्रेक ब्लॉक चाकांना जाऊन भिडतात. म्हणजे यंत्रणा मोडणं हाच ब्रेक लावण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. आपलं गाव आलं की होज पाइप सोडून गाडी उभी करणारी पोरं छत्तीसगडपासून बिहारपर्यंत रेल्वेवाल्यांची डोकेदुखी होती. सुपर एक्सप्रेस थांबवायला त्यांतलं एक पोरगं पुरलं असतं.

खलनायकाला खरंच गाडी बेलगाम करायची असती, तर प्रत्येक डब्याखाली वाकून एकेका सिलिंडरची वाट लावावी लागली असती, आणि तीही निघण्याआधीच्या तपासणीत कोणाच्या लक्षात येऊ न देता. काका बोटांवर डबे मोजतात, किती माणसं लागतील त्याचा हिशेब करतात, आणि नातवंडं पडदा सोडून त्यांच्याकडे बघत बसतात. मला विचाराल तर ते या चित्रपटाचे सगळ्यात चांगले समीक्षक आहेत. सुटलेला धागा नेमका कुठला, हे त्यांना बोटाने दाखवता येतं.

ही तपासणी मी रायपूर स्टेशनवर फलाटाच्या टोकाशी उभं राहून पाहत असतो. इंजिन डब्यांना लागलं की एक माणूस खाली रुळांत उतरतो, कपलिंग जोडतो, मग होज पाइपची तोंडं एकमेकांत अडकवतो आणि कॉक उघडतो. फुस्स आवाज होतो, नळी क्षणभर ताठरते. आता हवेचा ब्रेक आहे, ब्रेक पाइपमध्ये पाच किलो दाब धरतात. पण तत्त्व तेच, दाब गेला की ब्रेक लागला. मागच्या टोकापर्यंत दाब पोचला का, हे शेवटच्या डब्यातल्या घड्याळात बघितल्याशिवाय गाडी हलत नाही. फलाटावर चहा पिणाऱ्यांपैकी कोणी तिकडे बघत नाही.

हा ब्रेक आपोआप लागला पाहिजे, हे माणसं मेल्यावर ठरलं. जॉर्ज वेस्टिंगहाउसने आपोआप लागणारा हवेचा ब्रेक १८७२ साली केला होता, तरी अनेक कंपन्या साध्या ब्रेकवर भागवत होत्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा इथे रविवारच्या शाळेची सहल घेऊन निघालेली गाडी चढावर अडली. दोन खेपांत न्यायची म्हणून मागचे डबे सोडवले. तिचा ब्रेक नळी जोडलेली असेल तरच लागणारा. सोडवताच तो गेला. हातब्रेक पुरला नाही. डबे उताराने मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण गेले, त्यांत पुष्कळ मुलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. ‘बर्निंग ट्रेन’मध्येही शाळकरी मुलं आहेत, ती प्रार्थना म्हणतात. आर्मा वाचल्यापासून मला त्या प्रसंगात हसू येत नाही. त्या मुलांनी जीव देऊन मिळवलेली वस्तू पटकथेने एका फटक्यात नाहीशी केली, याचा राग येतो.

खरी बेलगाम गाडी कशी सुटते, ते अगदी साधं असतं. इंजिन बंद करून गाडी उभी ठेवली की सिलिंडरातली हवा हळूहळू गळते आणि काही तासांनी लागलेले ब्रेक सैल पडतात. म्हणून उभ्या मालगाडीचे हातब्रेक आवळायचे, चाकांखाली लाकडी गुटके सारायचे. मनगटाचं काम, कंटाळवाणं, आणि कोणी बघत नसताना करायचं. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतल्या कठुआहून खडी भरलेली ५३ डब्यांची मालगाडी चालकाशिवाय उताराला लागली. सत्तरहून जास्त किलोमीटर ती तशीच धावली, वाटेतली स्टेशनं मागे टाकत, आणि पंजाबात ऊंची बस्सीजवळ एकदाची थांबवता आली. कोणाला इजा झाली नाही.

ती बातमी चालू असताना मी काकांकडेच होतो. काकू देवाचे आभार मानत होत्या, नातू वेग किती होता ते विचारत होता. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि एकच गोष्ट विचारली, “हँडब्रेक किती डब्यांचे आवळले होते, ते सांगून राहिले का?”