दारातल्या रांगोळीतून गोधडीचा चौकोन

अमेरिकेतील ओहायो राज्यात २००१ साली डोना स्यू ग्रोव्हज यांच्या पुढाकाराने कोठारांवर गोधडीचे नमुने रंगवले जाऊ लागले. औंढ्यासारख्या मावळी गावात दारातली ठिपक्यांची रांगोळी हाच रंगीत नमुना मानून तो कापडावर उतरवता येतो.

पाच ठिपके, पाच ओळींच्या रांगोळीत सोळा घरे पडतात, म्हणजे बारा इंची चौकोनात प्रत्येक घर तीन इंचांचे होते. मात्र चहूबाजूंनी पाव इंच कड शिलाईत जात असल्याने तुकडा साडेतीन इंचांचा कापावा.

रांगोळीच्या तिरक्या रेघेने घर दुभागले असेल, तर त्रिकोणांच्या जोडीसाठी तीन इंच सात सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चौकोन कर्णावर कापावा.

सुती कापड आधी धुवावे, अन्यथा ते शिवल्यावर धुताना आटते आणि चौकोन वाकडा होतो.