पळसगावचा नाईक, टायबरचं खोरं

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१चा. गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव-आमडोशी, तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातलं. माणगाव, महाड, पोलादपूर हा सगळा पट्टा डोंगराळ. भातखाचरं थोडी, बाकी नाचणी-वरीची वरकस जमीन. तिच्यावर सगळ्या भावांचं भागत नसे. मग कुणी मुंबईची गिरणी गाठायचा, कुणी पलटण. पोलादपूरचं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. महाड तालुक्यातलं आंबवडे तर घरोघरच्या शिपायांमुळे ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखलं जातं. शौर्याची परंपरा खरी आणि मनीऑर्डरची गरजही तितकीच खरी. यातलं एक वगळलं तर इथल्या शिपायाची गोष्ट अर्धीच राहते.

घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात याच पलटणीने १९४१ साली एरिट्रियातलं केरेन गाजवलं होतं. शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची मराठा रेजिमेंटची युद्धघोषणा त्या लढाईपासूनची. तेव्हाचे पलटणीचे अधिकारी डेनिस रीड पुढे इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख झाले आणि १९४४च्या उन्हाळ्यात ही डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांना मागे रेटत होती.

१० जुलैच्या हल्ल्यात घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे जण ठार किंवा जखमी झाले. उरले एकटे नाईक घाडगे.

आपल्यामागे कुणी नाही हे माहीत असूनही ते मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या, नवी मॅगझिन चढवायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवलं. मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघं बावीस.

नोव्हेंबर १९४४मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. पुढच्या मार्चमध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी तो त्यांच्या पत्नीच्या हाती दिला. ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च मान, पण घरच्यांनी जिथे फूल वाहावं अशी जागा समुद्रापलीकडेही नव्हती. घाडग्यांचं अंतिम विश्रांतीस्थान ज्ञात नाही. त्यांचं नाव कोरलेलं आहे ते इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर, चार हजारांहून अधिक नावांमध्ये. मराठा रेजिमेंटचे दुसरे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, हेही इटलीतच लढले. ते मात्र परतले आणि १९८४पर्यंत जगले. घाडगे परतले असते तर त्यांच्या घराची पुढची चाळीस वर्षं कशी गेली असती, याचा अंदाज या एका तुलनेतून येतो.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक होते. त्यातले ५,७८२ परतले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. जुलै २०२३मध्ये इटलीतल्याच माँतोने या गावात घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आलं. इकडे माणगावात त्यांचा पुतळा आहेच.

त्यांच्या तुकडीतल्या इतरांना मात्र ना पुतळा, ना घड्याळ. व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रात त्यांची नावंही नाहीत. पण महायुद्धांत कामी आलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धस्मृती आयोगाची यादी सर्वांसाठी खुली आहे. अनेक भारतीय नावांपुढे तिथे वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं. शोधताना जिल्हा ‘रायगड’ नव्हे, ‘कुलाबा’ घालावा. महाड-पोलादपूरच्या एखाद्या शाळेने हे काम हाती घेतलं, तर आपल्याच वाडीतल्या कितीतरी घरांचे पणजोबा त्या यादीत भेटतील.